खारातलं अंडं

पुरस्काराचा फॉर्म मी सहज भरला. (सहज म्हणजे अकरा दिवस, तीन कच्चे मसुदे आणि एक किरकोळ रजा.)

भूशास्त्रात भरीव योगदान देणाऱ्यांचा नागपूरचं भूगौरव मंडळ दरवर्षी सत्कार करतं आणि त्यांना ‘भूरत्न’ ठरवतं. यातली निम्मी रत्नं मी जवळून ओळखतो. एकाने तीस वर्षं खुर्चीत काढली. जमिनीशी त्याचा संबंध आला तो एकदा चप्पल तुटली तेव्हा. दुसऱ्याच्या हातोड्यावर अजून दुकानदाराचं लेबल आहे. अशांच्या भिंतींवर मानपत्रं, आणि मी देवाजी, एकोणतीस वर्षं चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात नाल्यानाल्याने दगड फोडत हिंडलेला भूवैज्ञानिक, माझी मूल गावच्या घरातली भिंत कोरी! सहा महिन्यांनी रिटायर होणार होतो. आत्ता नाही तर कधीच नाही.

शिफारस दुसऱ्याने करावी अशी अट होती. म्हणून माझी शिफारस मी स्वतः लिहिली आणि खाली शेजारच्या राइस मिलवाल्या पत्रूभाऊंची सही घेतली. “एवढे मोठे हाये का तुमी?” वाचून त्यांनी विचारलं. सही मात्र केली.

माझं भरीव योगदान एकच, पण दणदणीत. बावीस वर्षांपूर्वी मला डायनासोरचं अंडं सापडलं होतं. ऑफिसातले लोक तेव्हा फिदीफिदी हसले. मी ते घरी आणून शोकेसमध्ये ठेवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी दाखवत आलो. (त्यामुळे काही लोक चहाला थांबत नाहीत.)

महिन्याभरात मंडळाचं पत्र आलं. समिती अंडं पाहायला घरी येणार होती. मी बायकोला, सरिताला, सांगितलं, “तिघं येऊन राह्यले. जेवन झकास पायजे. माह्या इज्जतीचा सवाल हाय.”

“मंग जेवन पयले करा,” ती म्हणाली. “तुमचं अंडं पाह्यल्यावर कोनी बसत नाई.”

समिती आली. अध्यक्ष गुणवंतराव, आणि त्यांनी मान हलवली की मान हलवणारे दोन सदस्य. योगदान राहिलं बाजूला, तिघे ताटावर तुटून पडले. गुणवंतरावांनी खारातली कैरी चार वेळा मागून घेतली, बोटं चाटली, मग हात धुऊन म्हणाले, “हं, दाखवा.”

मी शोकेस उघडली. देवघरातला देव उचलावा तसं अंडं दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी भिंग लावलं. मग दगडाला जीभ लावून पाहिली. (आम्ही लोक असं करतो. जीवाश्म कधी कधी जिभेला चिकटतो. बाकीच्या जगाला आमची किळस येते ती यामुळेच.)

“देवाजी, हा नदीतला गोटा आहे.”

“सर, नीट पाहा ना.”

“वैनगंगेचा गोटा. कोणीही सांगेल.”

(कोणीही म्हणजे मी सोडून कोणीही.)

तेवढ्यात सरिता सुपारी घेऊन आली. “गोटाच हाय जी तो,” ती शांतपणे म्हणाली. “मार्कंड्याच्या जत्रेतून मीच आनला. ह्यायचं अंडं तं बरनीत हाय.”

“कुठल्या बरणीत?”

“खाराच्या. कैऱ्या वर तरंगतात नं जी, त्यायच्यावर वजन पायजे. अंडं बराबर बसलं. चौदा वर्सं झाले.”

“अन् मले सांगतलं काऊन नाई?” मी ओरडलो.

“मले वाटलं तुमाले दिसन. हरघडी तं हाती घेऊन दाखवत होते.”

जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं वाटलं. पण जमिनीवर माझा कधीच वट नव्हता.

सरिताने बरणीतून दगड काढून धुऊन आणला. गुणवंतरावांनी तो हातात घेतला आणि ते चक्क उभे राहिले. खारातल्या आंबटाने दगडावरचं चुन्याचं कवच हळूहळू उतरलं होतं. आतली काड्या-पानांची नक्षी स्वच्छ वर आली होती.

“हे कोणी केलं? आमच्याकडे असं कवच काढायला ॲसिडमध्ये महिनोन्महिने घालवतात आणि निम्मे नमुने वाया जातात!”

“म्हणजे आत पिल्लू दिसतंय?” मी आशेने विचारलं.

“पिल्लू कसलं! ही डायनासोरची विष्ठा आहे.”

“शेन?” सरिता म्हणाली.

“शेण, वहिनी. सात कोटी वर्षांपूर्वीचं.”

दोन्ही सदस्य आपापल्या ताटातल्या कोयींकडे पाहू लागले. “आता त्याचा दगड झालाय. पोटाला काही अपाय नाही,” असं म्हणून गुणवंतराव लागोपाठ तीन ग्लास पाणी प्यायले.

“चौदा वर्सं!” सरिता माझ्यावर उलटली. “पोरीच्या सासरी, बाजूच्या गिरजाबाईच्या घरी, साऱ्या मोहल्ल्याले शेनाचं पानी चारलं म्या! तुमी अंडं म्हनत होते म्हनून ठेवलं नं!”

दोन महिन्यांनी मंडळाचा लिफाफा आला. जीवाश्म-संस्करणातल्या विशेष योगदानाबद्दल यंदाचं ‘भूरत्न’ सौ. सरिता यांना. सोबत एका व्यक्तीला प्रवेश. ती व्यक्ती मी.

नागपूरच्या सभागृहात तिला शाल मिळाली, नारळ मिळाला. मी तिची पर्स धरून शेजारी उभा होतो. माझा जळफळाट होत होता आणि मी टाळ्याही वाजवत होतो. निवेदिकेने तिला पद्धत विचारली.

“कैरी कच्ची पायजे,” सरिता माइकमध्ये म्हणाली. “मीठ दोन पसे. अन् घरच्या मानसानं बरनीत डोकावू नोये.”

पहिल्या रांगेतल्या माजी भूरत्नांनी ते लिहून घेतलं. खुर्चीवाल्याने तर ‘पसे म्हणजे किती’ असंही विचारलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात रंगीत फोटो आला. खाली ओळ होती: ‘मानपत्र स्वीकारताना सौ. सरिता. शेजारी सात कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म.’

दगड टेबलावर ठेवला होता. टेबल फोटोत आलंच नव्हतं.