साठ वाड्यांची शीव कैशी वाढली

क्षेत्रपाळास व दाही दिशांस नमन करून, जैसे डोळां देखिले व जैसे साखळीने मोजिले तैसेच येथे लिहिले असे. शके १६९२ विकृतिनाम संवत्सर, पौष शुद्ध सप्तमीचे दिवशी एका वाडीत, एका घराच्या चुलीपासून पावणेदोन हातांवर मुंग्यांची रांग थांबली. पलीकडे गुळाचा खडा पडला होता. मुंग्या येत, एका जागी थबकत, बोटभर आडव्या चालत आणि माघारी फिरत. घरधनिणीने जमीन सारवली, मग खडा वीतभर अलीकडे ओढिला, परंतु रांग होती तेथेच थांबे, आणि खडा त्या जागेच्या अलीकडे आणिला तेव्हा मात्र मुंग्यांनी तो क्षणात झाकिला. त्या जागेवरून दोन दिवसांपूर्वी नवी शीव गेली होती.

त्या राज्याची रीत ऐसी की, वाड्या एकंदर साठ, आणि बारा वाड्यांची एक तरफ, ऐशा तरफा पाच. दर सात वर्षांनी प्रत्येक वाडी एक कौल देई, आणि तरफेत ज्या पक्षास कौल अधिक, त्या पक्षाचा पंच सदरेस जाई, आणि पाचांत ज्यांचे पंच तीन, त्यांचा कारभार. पक्ष दोन. नदीच्या वरल्या अंगाच्या वाड्या चोवीस आणि खालल्या अंगाच्या छत्तीस. कारभारी रंगो मल्हार हे वरल्या अंगाचे, आणि कौलाचे वर्ष जवळ आले, म्हणोन त्यांनी केदारजी मोजणीदारांस बोलाविले आणि म्हणाले, "केदारजी, चोविसांचे पंच तीन व्हावे ऐसी शीव घाला."

केदारजी म्हणाले, "पंत, शीव ओढ्याने जाते, डोंगराच्या माथ्याने जाते."

"ही आमच्या सांगण्याने जाईल."

मग केदारजींनी तीन दिवस हिशेब केला, आणि तीन तरफांत वरल्या सात व खालल्या पाच वाड्या घातल्या, आणि उरलेल्या दोन तरफांत खालल्या एकवीस कोंबून वरल्या तीनच ठेविल्या, आणि चोवीस हे छत्तिसांहून मोठे जाहले. तिसऱ्या तरफेचा आकार ऐसा निघाला की लोक म्हणत, बकऱ्याचे आतडे कोणी वाळत घातले आहे. वाड्या वाढून एकमेकींस भिडल्या होत्या, म्हणोन शीव कोठे परसातून गेली, कोठे माजघरातून, आणि एके घरी पाळणा व बाज यांच्या मधून गेली. खालल्या अंगाचे पुढारी हैबतराव सदरेस येऊन ओरडले, "हा अन्याय!" तेव्हा कारभारी हसून बोलिले, "अन्याय कोणता? प्रत्येक तरफेस बारा वाड्या, प्रत्येक तरफेस एक पंच. मोजून घ्या. आणि चौदा वर्षांमागे तुमचा कारभार होता, तेव्हा तुमचे तीर्थरूप आमच्या सात वाड्या नदीपार ढकलून मोकळे जाहले, ते विसरलात काय?" 

परंतु शीव आखिल्याने शीव होत नाही, ऐसा त्या राज्यीचा पूर्वापार नेम. शिवकर म्हणोन एक घराणे असे, त्यातील वडील पुरुष शिवेची माती पाच शेर डोईवर घेऊन सगळी शीव अनवाणी चालत, आणि आरंभीच्या दगडापाशी परत येत, आणि मग राज्याच्या धनी आईसाहेब, ज्या नातू लहान म्हणोन गादी सांभाळीत होत्या, त्या "शीव खरी" किंवा "शीव खोटी" ऐसा शब्द बोलत. खोटी म्हटली तर आखणी मोडे, आणि आखविणारा कारभारावरून उतरे. खरी म्हटली तर आखणी पक्की होई, परंतु मुळात खोट्या शिवेवर खरीचा शब्द पडला तर माती वाहणारा पंधरवड्यात मरे, आणि हे दोन वेळा घडलेले लोकांनी पाहिले होते. आणि शब्द होईतो शिवकराने बसू नये, माती भुईस लागू देऊ नये, चालणे सोडू नये, डुलकी घेणे ती उभ्यानेच टेकून घ्यावी.

तेव्हाचे शिवकर धुळोजी, वय साठीच्या आसपास, घरी एक लेक ठकूबाई. पौष शुद्ध पंचमीस त्यांनी माती उचलली, आणि चौदा कोसांची शीव दोन दिवसांत चालून सप्तमीस दगडापाशी आले. आईसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, मग कारभाऱ्यांकडे पाहिले. खरी म्हणावे तर म्हातारा जातो, खोटी म्हणावे तर कारभारी जातो, आणि कारभाऱ्यांवाचून नातवाची गादी राहते की जाते हा विचार. म्हणोन त्या बोलिल्या, "विचार करून सांगू." रंगोपंत म्हणाले, "उत्तम. त्वरा कशास?" कारण शब्द नाही तोवर कौल नाही, आणि कौल नाही तोवर जुने पंच कायम, आणि जुने पंच त्यांचेच. धुळोजी वळून पुन्हा चालू लागले.

ठकूबाई रोज शिवेच्या कडेने त्यांजबरोबर चालत, भाकरीचा तुकडा त्यांच्या मुखी देत, तांब्याने पाणी पाजीत, आणि त्यांस झोप अनावर जाहली म्हणजे शिवेवरल्या झाडास टेकवून, डोईवरली माती आपल्या दोन्ही हातांनी तोलून धरीत. म्हणत, "बा, मान ताठ ठेव, सदरेतली माणसं बघतायत." धुळोजी म्हणत, "सदरेतली? त्यांस नकाशा दिसतो, पोरी, माणूस कशाचा." आणि दोघे हसत.

पौष वद्यात केदारजींनी आपली खातरी म्हणोन शीव पुन्हा मोजिली, ती साडेचौदा कोस भरली. साखळी तपासली, कड्या मोजिल्या, चूक सापडेना. माघ शुद्धात सोळा कोस भरली. जेथे शीव सरळ होती तेथे वाक आला होता, आणि वाकास पोटवाक फुटला होता. केदारजींनी धुळोजींस पुसिले, "या परसातून तर शीव नव्हती. इकडे कैसे वळलात?" धुळोजी म्हणाले, "मी कुठं वळतो? पाय वळतात, मी जातो." मग केदारजींनी कुलपातील नकाशा काढिला, तो त्यावरही वाक तितकेच वाढलेले, आणि नव्या वाकांची शाई बोटास लागली. कारभाऱ्यांस दाखविला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, "आम्ही सांगितले नाही." हे खरे होते. रेघेस एकदा वळण्याची सवय लागली, मग ती कोणाच्या सांगण्याची वाट पाहीना.

आणि माणसांतही फरक पडू लागला. शिवेपलीकडून हाक मारिली तर ती उशिरा पोचे, प्रथम एका श्वासाइतकी, मग तीन श्वासांइतकी. ज्या घरी पाळणा व बाज यांच्या मधून शीव गेली होती, तेथे मूल रडताना दिसे आणि रडणे मागाहून ऐकू येई. एके वाडीत आईने लेकास जेवावयास बोलाविले, तो अंगणात खेळत होता, आणि अंगण आता दुसऱ्या तरफेत. त्याने आईकडे बहुत अदबीने पाहिले आणि पुसिले, "आपण कोणत्या तरफेच्या?" माघ सरता ऐशी घरे केदारजींनी मोजिली, ती दोनशे अकरा. भांडण कोठे नव्हते. तरफेतील माणसे तरफेतील माणसांशी गोडीने बोलत, आणि पलीकडे रिकामे रान असावे तैसे पाहत.

माघ वद्य चतुर्दशीस, टळटळीत दुपारी, ठकूबाईंनी भाकरीचा तुकडा पुढे केला आणि धुळोजींनी तोंड उघडिले नाही. डोईवर माती, पाय चालत, आणि डोळे लेकीवर ठेवून ते म्हणाले, "बाई, आपण कोणत्या तरफेच्या?"

ठकूबाईंनी तुकडा पदरात बांधिला आणि तशाच सदरेस गेल्या. चोपदाराने अडविले, तेव्हा म्हणाल्या, "हो बाजूला, रे. माझ्या बापाला बसायची बंदी आहे, मला बोलायची नाही." आत जाऊन आईसाहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "खरी म्हणा, माझा बाप पंधरा दिवसांत मरेल, पण माझा बाप म्हणून मरेल. खोटी म्हणा, जगेल. तुम्ही काहीच बोलत नाही, म्हणून तो कोणाचाच उरला नाही. गप्प राहणं म्हणजे दया, असं तुम्हांस कोणी सांगितलं?"

 मग आईसाहेबांनी केदारजींस पुसिले, "माप खरे?" ते म्हणाले, "माप खरे, आईसाहेब. बारांच्या पाच तरफा, एक वाडी इकडची तिकडे नाही. परंतु मज आधी उत्तर सांगितले आणि मग गणित करविले. काल मोजिली, बावीस कोस भरली." रंगोपंत म्हणाले, "आम्ही उतरलो तर हे हैबतराव चढतील. ते काय ओळंबा लावून शीव घालणार आहेत?" आईसाहेब हैबतरावांकडे वळल्या, "बोला. तुमच्या हाती साखळी आली तर?" हैबतराव म्हणाले, "आज शपथ घेईन. हाती आल्यावरचे सांगवत नाही." आईसाहेब म्हणाल्या, "तुम्ही इतके तरी बोललात. मजकडून तेही जाहले नाही."

मग केदारजींनी हळू आवाजात सांगितले की, सदरेत बोललेला शब्द आता शिवेवर वेळेत पोचणार नाही, आणि कदाचित पोचणारही नाही, ज्याने बोलावे त्याने रेघेवर उभे राहून बोलावे, आणि रेघेवरील माणूस कोणत्याच तरफेचा राहत नाही, त्याची बाजू घ्यावयास कोणी उरत नाही. रंगोपंत पुढे जाहले, "आईसाहेब, नातवाचा विचार..." आईसाहेबांनी जोडे दाराशी काढिले आणि अनवाणी चालू लागल्या, आणि मागे ठकूबाई, आणि मागे सगळी सदर, आणि वाट दोन दिवसांची.

एवंच गोषवारा: चोविसांस छत्तिसांहून मोठे करण्यास तीन दिवस लागले, माती उचलल्यापासून एक शब्द बोलण्यास पंचावन्न, आणि त्या दिवसांत चौदा कोसांची शीव बावीस कोस जाहली. फाल्गुन शुद्ध प्रतिपदेस, दोन प्रहरी, आईसाहेब धुळोजींच्या वाटेत शिवेवर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या, आणि दोन्हीकडची माणसे त्यांस ओळखीनाशी जाहली, आणि धुळोजी समोरून चालत आले, हातभर अंतरावर थबकले, आणि आईसाहेब मोठ्याने बोलिल्या, "शीव खोटी. धुळोजी, माती खाली ठेवा."