सोळावा खेळाडू

शालेय क्रीडा ही शिस्त, सांघिक भावना आणि मोकळं मैदान या तीन गोष्टींवर उभी असते, याबद्दल दुमत नाही. त्यापैकी मैदान शाळेकडे होतं. त्याच्या मधोमध एक खड्डा होता, एवढंच.

खड्डा पाण्याच्या टाकीसाठी खणला होता. टाकीचा विचार मागे पडला, खड्डा तिथेच राहिला. गुडघाभर खोल, वर गवत माजलेलं. खेळाचे सर नोकरीला लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात तो बुजवण्यासाठी अर्ज केला. मुख्याध्यापिकांनी तो कार्यवाहांकडे पाठवला, कार्यवाहांनी बांधकाम समितीकडे, आणि समितीने ‘खेळाचा विषय’ म्हणून सरांकडे. शाळेचा संघ रग्बीचा. रग्बीत चेंडू हाताने पुढे देता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. पोरांना हा नियम शिकवायला सरांना महिना लागला. संस्थेला तो उपजतच येत होता.

सर अकरा वर्षं तात्पुरते होते. यंदा कार्यवाह म्हणाले, “करंडक आणा, कायम करतो.” सर घरी गेले, बायकोला सांगितलं आणि दोघांनी त्या आनंदात चहा दोनदा केला.

मग मोसम सुरू झाला. शाळेच्या पोरांना खड्डा पहिलीपासून पाठ. झोपेतही वळसा घालतील. पाहुण्यांना मात्र तो प्रत्यक्ष भेटल्यावरच कळायचा. शाळेने सर्व सामने घरच्या मैदानावर घेतले (बाहेरच्या मैदानांचा दर्जा समाधानकारक आढळला नाही) आणि सर्व जिंकले. एका सामन्यात तर पाहुण्यांचा कप्तान चेंडू कवटाळून सुसाट निघाला आणि दिसेनासा झाला. चेंडू तेवढा वर आला. तो शाळेच्या पोराने झेलला, पलीकडच्या रेषेपार नेऊन टेकवला, पाच गुण! प्रेक्षकांची हसून हसून मुरकुंडी वळली. (कप्तानही नंतर वर आला. दोघांनी उचलून आणला.)

मोसमात एकूण आठ पाहुणे पडले. रेफरींनी हरकत घेतली, तेव्हा खड्डा दोन्ही संघांना सारखाच खुला आहे, हे मुख्याध्यापिकांनी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. संघ पंधरा जणांचा, म्हणून पोरं खड्ड्याला ‘सोळावा’ म्हणू लागली. संघाच्या फोटोच्या वेळी मधली जागा त्याच्यासाठी सोडण्यात आली. सरांना सुरुवातीला जरा कसंतरी व्हायचं. जिंकत गेले तसं ते कमी झालं.

अंतिम सामन्यात एकच अडचण आली. समोरच्या संघातला सगळ्यात वेगवान गडी सरांचा मुलगा होता. (सरांनी त्याला दुसऱ्या शाळेत घातलं होतं. आपल्या शाळेचा दर्जा त्यांना जवळून ठाऊक होता.)

आदल्या संध्याकाळी पोरगा बुटांना नाड्या ओवत बसला होता. “बाबा, तुमच्या मैदानावर सगळे एकाच जागी पडतात म्हणे?”

“खेळ म्हटला की पडणं आलंच,” सर म्हणाले.

“अहो, तो तुमच्याकडे बघून विचारतोय,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “पेपरकडे बघून काय उत्तर देताय?”

सरांनी पेपर खाली ठेवला. “हे बघ, मधून पळू नकोस. कडेने पळ. कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं.”

“मला एकट्याला कशाला सांगता? मी सगळ्यांना सांगणार.”

“बाकीच्यांचे बाप बघतील ना त्यांचं!”

पोरगा नाड्या ओवायचा थांबला. भाजी ढवळण्याचा आवाजही बंद झाला. सरांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. आठही पोरांना बाप होते, हे त्यांना मोसमभरात एकदाही सुचलं नव्हतं.

पहाटे सर फावडं आणि घमेलं घेऊन मैदानावर गेले. जे काम एवढी वर्षं तीन टेबलांवरून फिरत होतं, ते चहाच्या वेळेआधी उरकलं. चहा पिताना ते पोराला म्हणाले, “आता मधूनही पळ. सगळ्यांना सांग.”

सामना पाहण्यासारखा झाला. शाळेची पोरं सवयीने नसलेल्या खड्ड्याला वळसा घालत राहिली आणि पाहुणे नाकासमोर पळत राहिले. शाळा सपाटून हरली. सरांच्या पोराने शेवटचे पाच गुण मिळवले, तेव्हा सर उभे राहून टाळ्या वाजवताना आढळले.

विनापरवाना मैदान सपाट केल्याबद्दल चौकशी समिती नेमण्यात आली. सरांनी सगळं कबूल केलं. “पण त्या आठ पोरांना लागलं त्याचं काय?” त्यांनी विचारलं. “त्या कप्तानाचा हात अजून गळ्यात आहे.”

समितीने प्रश्नाची गंभीर दखल घेतली. अहवालात निष्कर्ष असा: मोसमात कोणालाही इजा झालेली नाही. कप्तान पडला तेव्हा उपस्थित सर्वजण हसत होते, आणि एखाद्या पोराला खरोखर लागलं असतं तर भली माणसं हसली असती का? सबब खड्डा निर्दोष असून तो पूर्ववत करावा. सरांना घरी पाठवण्यात यावं. (खड्डा पुन्हा खणण्याचा आदेश सध्या बांधकाम समितीकडून कार्यवाहांकडे जात आहे. सरांचा त्याच दिवशी बजावण्यात आला.)

अहवालाखाली हसलेल्या सर्वांच्या सह्या घेतल्या आहेत. एक तेवढी राहिली आहे. मघाशी कप्तान दिसेनासा झाला आणि चेंडू तेवढा वर आला, तिथे आपण हसलात ना? मग करा इथे सही.