नानाजींचे दोन शब्द

माझी बायको सुधा गेली त्या दिवशी घाटावर नानाजी ढोबळे बोलायला उभे राहिले. त्यांनी खिशातून कागद काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं, "सुधावहिनींच्या जाण्याने नागपूरच्या किराणा व्यापाऱ्यांचा आधारवड कोसळला आहे."

सुधा शाळेत गणित शिकवायची.

आमच्याकडे चिता पेटली की लोक लगेच घरी जात नाहीत. घाटावरच्या शेडमध्ये बसतात, शोकसभा होते, ओळखीची माणसं उठून दोन शब्द बोलतात. मनीषनगरच्या आमच्या भागात हे दोन शब्द म्हणजे नानाजी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकही शोकसभा चुकवलेली नाही. गेलेल्याची ओळख असलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह नसतो. पांढरा सदरा इस्त्री करून तयार असतो. गल्लीत अँब्युलन्स वळली की ते गॅलरीत येऊन अंदाज घेतात.

सगळी तयारी त्यांची, शब्द मात्र माझे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, तेव्हा मला लिहिता येणारच, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दारात चपला काढता काढताच म्हणायचे, "सर, दोन शब्द लागून राहिले. तुमी निपटवून टाका." माणूस कसा होता, असं मी विचारलं की म्हणायचे, "चांगलाच असन न जी. गेला आता."

लिहून दिलेले कागद ते टाकत नसत. जुन्या नावावर रेघ मारून नवं नाव घालत. किराणा व्यापाऱ्यांचा कागद मी हुडकेश्वरच्या एका दुकानदारासाठी लिहिला होता. सुधाच्या वेळी नाव बदललं, बाकीचं राहून गेलं. तिच्या दुकानाच्या पायरीवरून कोणी रिकाम्या हाती परतलं नाही, हेही त्यांनी वाचलं. तिच्या शाळेतल्या बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. त्या रडत होत्या की आणखी काही, मला कळलं नाही. घरी गेल्यावर हे सुधाला सांगायचं, ती पोट धरून हसेल, असं ऑटोतून उतरेपर्यंत माझ्या डोक्यात होतं.

पुढे काही आठवड्यांनी वरच्या मजल्यावरच्या पोहनकर आजी गेल्या. नानाजी आले. चपला काढता काढता म्हणाले, "वहिनीच्या वेळचा कागद हाय माह्यापाशी. तोच चालवला असता, पण आजीचं दुकान नव्हतं."

मी म्हणालो, "नानाजी, आता मी कोणाच्या जाण्यावर लिहिणार नाही. तुम्ही या, बसा, चहा घ्या. हे मात्र मागू नका."

"काहून?"

"मला जमत नाही."

"चार ओळीचं काम जी. तिकडं आजीले न्यायची तयारी होऊन राहिली."

"नाही, नानाजी."

ते उलटसुलट चपला घालून निघून गेले. सरांचा भाव फार वाढला, हे त्यांनी घाटावर पोचायच्या आधी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन तोड सुचवली: नावाची जागा कोरी सोडून एकच मजकूर करून द्या, म्हणजे कायमचा त्रास मिटेल. त्यांनाही मी नाही म्हटलं. शोकसभेत नानाजी मान खाली घालून बसून राहिले. शेवटी सेक्रेटरी उठले आणि आजींनी पार्किंगबद्दल कधी तक्रार केली नाही, एवढं सांगून बसले.

त्यानंतर नानाजी येईनासे झाले. सुधाच्या मागे माझ्या दाराची बेल वाजवणारे तेवढेच होते. मी पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान पुन्हा वाचायचो. तरी त्यांना बोलवायला गेलो नाही. गेलो असतो, तर लिहावं लागलं असतं.

एका संध्याकाळी ते आपणहून आले. चहा घेतला. मग स्वतःच्या आईचं सांगितलं. ती पूर्वीच रामटेकजवळच्या गावी वारली होती. घाटावर कोणीतरी विचारलं, दोन शब्द कोण बोलते? कोणी उठलं नाही.

"मी तिचा पोरगा. मीबी नाही उठलो. वाटलं, आपल्याले शब्द येत नाहीत. लोक दुपट्टे झटकून निंगून गेले. माय तशीच गेली, सर."

तेव्हाही मी लिहून देतो म्हणालो नाही. उठला असता तर काय बोलला असता, एवढं विचारलं.

त्यांनी विचार केला. "पयली भाकर ते मले देत नव्हती. तवा तापला नसते म्हणे, कच्ची राह्यते. ते सोता खाये."

नंतर खाली बघत म्हणाले, "वहिनीचंबी राह्यलंच माह्याकडून. कागद अर्धा झाल्यावर समजलं मले, हा किराणावाला हाय. पण थांबता आलं नाही."

आणि ते उभे राहिले. माझ्या बैठकीत, माझ्या एकट्यासमोर, हात जोडून.

"वहिनी जिन्यात भेटे, तं विचारे, नानाजी, जेवले काय? अन् उत्तर आयकाले थांबे. बाकीचे विचारता विचारताच पुढं जातात."

एवढंच बोलले. ते खाली बसले नाहीत, म्हणून मीही उठलो. आम्ही दोघं काही वेळ तसेच उभे होतो.

घाटावर ते आता कागदाशिवाय उठतात आणि थोडं बोलतात. मी त्यांना लिहून देत नाही, ते मागत नाहीत. घरात मी एकटा असतो. संध्याकाळी नानाजी येतात.