जुळ्यांच्या आईच्या तीन लाथा

झोलदासला सोमवारी जिल्ह्याच्या इस्पितळात जायचं होतं. कमरेतून निघालेली कळ डाव्या टाचेपर्यंत उतरायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की स्वतःच्या पायांनी चालत आलात तर व्यायामावर भागवू. उचलून आणावं लागलं, तर ऑपरेशन. आज रविवार, आणि त्याला खाटेवरून दारापर्यंत जाता येत नव्हतं.

गरम वाळूत पुरून घेऊन झालं होतं. मेंढीच्या ताज्या कातड्यात गुंडाळून घेतलं, तर गावची कुत्री दोन दिवस दारातून हलली नाहीत. आता एकच उपाय उरला होता. जुळी झालेल्या बाईने कमरेवर तीन लाथा घालायच्या.

गावात अशी बाई एकच. त्याची विहीण, उरकिया.

लग्नाच्या जेवणात तिच्या ताटात मेंढीचं कमरेचं हाड जायला हवं होतं. विहिणीचा तो मान. गडबडीत गेली ती मेंढीची मान. त्यानंतर चार वर्षं तिने या घरचा चहा घेतला नव्हता. झोलदासची बायको कुल्पाश सकाळी तिला विनवून आली, आणि दुपारी उरकिया बूट काढूनच आत शिरली.

झोलदास घोंगडीवर पालथा पडला. उरकिया अंगाने चांगलीच भरलेली. तिने एक पाय त्याच्या कमरेवर ठेवला.

"व्याही, मान कुणी वाढली होती?"

"चुकून गेली हो, विहीणबाई."

"कुणाच्या चुकीने?"

पायावरचा भार वाढला.

"माझ्या," तो घोंगडीत तोंड खुपसून म्हणाला.

पहिली लाथ बसली. दुसरी बसली. तिसरीला काहीतरी कट्कन वाजलं. कुल्पाशने डोळे मिटून घेतले. झोलदास कोपरावर आला, गुडघ्यावर आला, उभा राहिला. फाटकापर्यंत जाऊन परत आला. कळ नव्हती. कुल्पाश डोळे पुसत चहा ठेवायला धावली.

उरकिया मात्र अवघडून उभी होती.

"चूक कबूल केलीत, म्हणून मलाही लपवून ठेववत नाही," ती म्हणाली. "माझी ती पोरं जुळी नाहीत. एक जानेवारीतला, दुसरा त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. या गावात आलो तेव्हा दोघांना एकाच वर्गात घालायचं म्हणून एकच जन्मतारीख लिहिली."

झोलदासच्या टाचेला मुंगी चावल्यासारखं झालं. तो जागीच थिजला.

"हळू बोला, विहीणबाई. ऐकलं असेल."

"कुणी, कुल्पाशने?"

"नाही हो," तो कुजबुजला. "कमरेने."