हिरव्या बाभळीची मोळी आणि जुन्या चिपरची खरेदी

श्रीवनदेवता प्रसन्न. तिचे कृपेने जे घडले ते ऐकिले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सर नावाचाच क्रोधी, बाकी प्रजा आनंदात. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, राजश्री निवृत्तीराव खरमाटे नामे गृहस्थ राहत असत. सोमवार ते शुक्रवार सरकारी कचेरीत जमिनींचे नकाशे काढावे आणि शनिवार-रविवार लोकांची झाडे छाटावी, ऐसा दुहेरी कारभार. झाडावर चढावयास परममित्र गेनूजी सपकाळ, आणि बुंध्याशी उभे राहोन हुकूम सोडावयास खासे राव. छाटणी सुखाची, परंतु छाटल्या फांद्या टेंपोत भरभरोन गावाबाहेर वाहता दोघांच्या कमरा कामातून गेल्या. त्यात राज्यातील कन्याशाळेचे चौदा वृक्ष छाटले, आणि फांद्यांनी सारे मैदान भरोन गेले, आणि पुढल्या शनिवारी तेथेच मुलींच्या शर्यती नेमिल्या होत्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "खरमाटे, शुक्रवारपर्यंत मैदान मोकळे झाले तर वर्षभर शाळेची झाडे तुमच्याकडे. नाही झाले तर आमचा तुम्हांला नमस्कार."

मग रावांचे घरी मसलत बसली, आणि ठरले की चिपर घ्यावा, जो एका तोंडाने फांदी गिळतो आणि दुसऱ्या तोंडाने ढलप्या उडवितो. नवा आवाक्याबाहेर, म्हणोन जुना पाहावा. रावांच्या पत्नी मालनबाई बाजारपेठेत पिठाची गिरणी चालवीत. त्या म्हणाल्या, "मीही येते. आणि जाते पारखायला जायचं तर दाणे आपले न्यावेत. त्याचे दाणे त्याच्या जात्यात बारीकच दळायचे." ऐसे बोलोन त्यांनी हिरव्या बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधिली आणि रविवारी सकाळी गेनूजीच्या टेंपोत टाकिली.

प्रथम स्वारी जुन्या यंत्रांच्या एका दलालाकडे गेली. तेथे नारिंगी रंगाचा थोरला चिपर उभा, नवरदेवासारखा चकचकीत. तो देखोन राव भुलले. आपण शेजारी उभे आहोत आणि अवघे गाव पाहत आहे, ऐसे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आले. दलालाने एका झटक्यात यंत्र चालू केले, मग एक वाळकी काठी आत घातली, आणि ती पापडासारखी मोडली. राव म्हणाले, "वाहवा!" मालनबाईंनी मात्र लागलीच पुसले, "शेठ, तुम्ही चालू करण्याआधीच मी हात लावून पाहिला, तर इंजिन ऊन होतं. थंडपणी चालू होत नाही का? सकाळपासून कितीदा चालू करून ठेवलंत?" दलाल हसले आणि घाम पुसू लागले. मग बाभळीची फांदी घातली, तो यंत्र घशात काटा अडकल्यासारखे घुरघुरले, तरी कशीबशी ती गिळली. इतक्यात रावांची नजर तोंडावरील तांबड्या दांड्याकडे गेली. हात किंवा कपडा आत ओढला गेला तर तो दांडा ढकलावा आणि फांदी आत ओढणारे रूळ जागीच थांबावे, ऐसी त्याची योजना. तो दांडा तारेने आवळोन बांधिला होता. दलाल म्हणाले, "सारखा थांबायचा हो, काम होईना. म्हणून बांधलाय."

रावांनी स्वहस्ते तार सोडिली आणि दांडा ढकलिला. रूळ फिरतच राहिले. तरीही नारिंगी रंग मनातून जाईना. गेनूजी ओळखोन म्हणाला, "घेऊ या, रावसाहेब. फांद्या मीच घालणार ना? मी जपून घालीन." ते बोल ऐकता रावांनी गेनूजीकडे पाहिले. वीस वर्षे हा मनुष्य आपल्या शब्दावर दोरीला लटकला, आणि आताही आपल्या हौसेपायी हात पुढे करितो, हे रावांस लागले. मग म्हणाले, "नाही घेणार." दलाल बोलिले, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय." राव म्हणाले, "येऊ द्या. पण त्याला हा दांडा आधी दाखवा."

मग उन्हे कलता स्वारी नदीकाठच्या एका रोपवाटिकेत पोहोचली. तेथील धनीण अंबूताई शेवाळे, पायांत गमबूट आणि बोलणे रोखठोक. त्यांचा चिपर लहान, रंग उडालेला, पत्र्यास पोचे. त्या म्हणाल्या, "डावं चाक मऊ आहे. पट्टा लवकरच बदलावा लागेल. मनगटाहून जाड लाकूड घालू नका, रुसतो. पाती मी स्वतः धार लावून बसवलीत." इंजिन हातास थंडगार. दोरी एकदा ओढिली, दोनदा ओढिली, तिसऱ्यांदा चालू जाहले. मालनबाईंनी एक काठी यंत्राचे अंगास टेकविली, दुसरे टोक कानास लाविले, आणि डोळे मिटोन ऐकिले. मग बाभूळ घातली, ती सरसर गेली. आणि मध्येच दांडा ढकलिला, तो रूळ जागच्या जागी थांबले. बाई डोळे उघडोन म्हणाल्या, "ह्याचं जातं नीट बसलंय." किमतीचे बोलणे चहा निवण्याआधी संपले.

पुढे रावांनी चार दिवसांची रजा काढिली. यंत्र हळू, परंतु हट्टी, आणि गुरुवारी दुपारी मैदानाची माती दिसू लागली. जाड ओंडके मात्र त्याच्या तोंडात मावेनात, म्हणोन राव चिंतेत पडले. मुख्याध्यापिका बाई येवोन पाहतात तो म्हणाल्या, "हे ठेवा कडेने. मुली बसतील." शनिवारी त्या ओंडक्यांवर बसोन मुलींनी ऐसा गलका केला की झाडांवरचे कावळे उडाले. वर्षाचे काम रावांस मिळाले.

तात्पर्य इतकेच, की शाळेचे काम आले, यंत्र आले, आणि यंत्र चालविण्याचा मान मालनबाईंनी कोणास न पुसता घेतला. हल्ली हुकूम त्या सोडितात, निवृत्तीराव फांद्या वाहतात, आणि कमर दुखते म्हणोन तक्रार केल्यास यंत्राच्या आवाजात कोणास ऐकू येत नाही. प्रजा सुखी आहे. लिहिणाराने येथे हात झाडिले.