दोन पडदे आणि एक कंस

जगातली निम्मी दुःखं कंस न घातल्यामुळे होतात, असं गणिताच्या सरांचं ठाम मत होतं. उरलेली निम्मी सरांनी त्यापायी गुण कापल्यामुळे झाली, असं त्यांच्या विद्यार्थ्यांचं. अक्षराच्या जागी किंमत घातली की आधी तिला कंसात बसवायची, मग पुढचं बघायचं, हे त्यांनी तीस वर्षं घसा कोरडा करून शिकवलं.

त्या विद्यार्थ्यांत त्यांची मुलगीही होती. दहावीच्या सराव परीक्षेत तिने एक्सच्या जागी उणे तीन घालून वर्ग केला, उत्तर नऊ असं बरोबर काढलं, पण कंस घातला नाही. सरांनी गुण तर कापलाच, वर ‘कसं लिहू नये’ म्हणून तिचा पेपर अख्ख्या वर्गाला वाचून दाखवला. तेव्हापासून ती बोलायची आईशी. बाबांना फक्त निरोप यायचे. नोकरी लागल्यावर चार वर्षांत ती घरी फिरकली नव्हती. आता आठ दिवस राहायला येणार होती, आणि माफी मागणं सरांच्या अभ्यासक्रमात कधीच नसल्यामुळे त्यांनी तिच्या खोलीला नवे पडदे करायचं ठरवलं.

खिडकी साठ इंच उंच. वरची-खालची दुमड मिळून बारा इंच. पडदे दोन.

“दोन एक्स,” सर बायकोला म्हणाले. “एक्स म्हणजे साठ अधिक बारा.” आणि कागदावर झोकात लिहिलं: २ × ६० + १२ = १३२. तेवढं कापड आणलं, कागदासकट शिंप्याकडे दिलं.

टांगल्यावर पडदे खिडकीच्या तळापासून सहा इंच वरच थांबले. सर तडक शिंप्याकडे गेले.

“एकशे चव्वेचाळीस लागत होतं सर. मला दिसलं होतं ते.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमच्याच हाताखाली शिकलोय ना,” शिंपी मान खाली घालून म्हणाला. “म्हटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे खिडकीच चुकली असेल.”

दुकानातलं ते कापड संपलं होतं. सरांनी मग पडद्याची दांडीच सहा इंच खाली ठोकली.

“अहो, आता वर उघडं राहिलं,” बायको म्हणाली.

“वरून कोण बघतंय?”

वरून सूर्य बघत होता. दुपारी मुलगी आली, जेवली, पलंगावर आडवी झाली, तेव्हा तो नेमका तिच्या उशीवर उतरला. सर वर्तमानपत्र घेऊन स्टुलावर चढले आणि ते फटीत खोचू लागले. खोचलेलं खाली पडत होतं.

“नवे आहेत का पडदे?” मुलीने विचारलं. इतक्या वर्षांत थेट त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

“हो. आखूड झालेत. मी कंस घालायला विसरलो.”

सरांनी तोंड खिडकीकडेच ठेवलं. तिकडे पाहून बोलणं जरा सोपं जात होतं.

“माझं तर उत्तरही चुकलं. तुझं बरोबर होतं गं. तुला येत होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी वर्गात वाचलं. नको होतं वाचायला.”

सरांनी वर्तमानपत्राची आणखी एक घडी फटीत खोचली; तीही पडली. शेवटी ते हळूच एक पाय खाली सोडायला लागले.

“बाबा.”

“काय गं?”

“उतरू नका ना इतक्यात. तुम्ही हललात की ऊन डोळ्यावर येतं. मी अर्धा तास झोपते.”