सेनापतीचा पट्टा

मास्तरांचा पट्टा हरवल्याचं कळलं, तेव्हा मास्तर आपल्या शिलाईच्या दुकानातल्या बाकावर उताणे पडले होते. जेवणानंतर पट्टा सोडून आडवं व्हायचं, पोटाची गाठ आत गेली की पट्टा बांधून उठायचं, हा त्यांचा रोजचा नेम. त्या दुपारी त्यांनी हात लांब केला, तर खुंटी मोकळी.

"माझा पट्टा कुठंय गं?"

"कुठला?" मुलगी मशीनवरून म्हणाली.

"पोटाचा. आज इथं खुंटीवर टांगला होता."

"खुंटीवर कशाला टांगलात, बाबा?" मुलीचं मशीन थांबलं. तिचा चेहरा पडला होता.

दुकानात कायदा एकच होता आणि तो मास्तरीणबाईंनी केलेला होता. टेबलावरचं बाकी, खुंटीवरचं तयार. खुंटीवर असेल ते बांधायचं आणि गिऱ्हाइकाला द्यायचं, विचारत बसायचं नाही. मास्तरीणबाईंना जाऊन वर्ष झालं, पण कायदा चालूच होता.

"नाटकवाले आले होते," मुलगी म्हणाली. "राजाचा अंगरखा दिला, शिपायांच्या विजारी दिल्या. आणि घाईत नीट बघितलं नाही, मला वाटलं, तो सेनापतीचा कमरपट्टा आहे."

मास्तरांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. जखम भरली, पण काही महिन्यांनी टाक्यांच्या जागी गाठ दिसू लागली. उभं राहिलं की बाहेर, झोपलं की आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्निया आहे. आतली शिवण उसवलीय. जाळी लावून पक्की करू. पण आधी विडी सोडा, खोकला थांबू दे, वजन उतरवा. घाईनं केलं तर पुन्हा उसवेल."

शाळेला सुट्टी मिळावी तसा मास्तरांना आनंद झाला. तेवढ्यापुरता म्हणून मास्तरीणबाईंनी जाड कॅनव्हासचा पट्टा शिवला, आतून मऊ फ्लॅनेल लावलं आणि बजावलं, "हा कच्चा टाका समजा. पक्की शिवण डॉक्टरांकडे."

मग त्याच गेल्या, एका सकाळी, अचानक. जिच्यापासून लपून विडी ओढायची तीच नाही म्हटल्यावर विडीला चव राहिली नाही. विडी सुटली तसा खोकलाही गेला. जेवणाचंही तसंच, त्यामुळे वजन उतरलं. आता ऑपरेशन करायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई दर वेळी सांगत. मास्तर दर वेळी म्हणत, "पट्टा आहे की. चाललंय." पोट नीट झालं की पट्ट्याचं काम संपणार, हे मात्र त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मास्तरांनी खुर्चीतली उशी पोटावर धरली. मुलीने उशीवरून पडद्याचं फुलाफुलांचं कापड गुंडाळलं, आणि दोघं निघाली. समोरच्या घड्याळवाल्याने मान वर केली.

"कितवा महिना, मास्तर?"

"तुझ्या घड्याळात बघून सांग."

नाट्यगृहात रंगीत तालीम सुरू झाली होती. सेनापतीचं काम करणारा माणूस एरवी कारकून, खाली मान घालून चालणारा. आज तो ताठ उभा होता. मास्तरांच्या पट्ट्यावर सोनेरी झालर आणि पत्र्याच्या चांदण्या टाचल्या होत्या.

"बघा, आज सेनापतीला कणा आलाय," दिग्दर्शक खुशीत म्हणाला.

"कणा माझा आहे," मास्तर म्हणाले. "परत द्या."

"एवढा प्रवेश होऊ द्या, मग न्या."

दोघं पहिल्या रांगेत बसली. मुलगी कानात म्हणाली, "बाबा, नाटक विनोदी आहे. हसू नका हं, गाठ बाहेर येईल."

"वर्षभर हसलोय का मी?"

मुलीने त्यांच्या पोटावरची उशी सरळ केली.

प्रवेशात सेनापतीने राजाला वाकून मुजरा करायचा होता. सेनापती वाकला, पट्टा वाकला नाही. त्यामुळे सेनापती कपाटासारखा अख्खा पुढे कलला. आधाराला त्याने सिंहासन धरलं. सिंहासनाला चाकं होती. राजाला घेऊन ते पडद्यापर्यंत गेलं, आणि सेनापती रिकाम्या जागेत पडून उताणा लोळला. तिथून त्याला उठता येईना. उलट्या झुरळासारखे त्याचे हातपाय हलत राहिले.

"सेनापती, उठा," राजा पडद्यातून म्हणाला.

"प्रयत्न चालू आहेत, महाराज."

दोन शिपायांनी त्याला गुंडाळलेल्या गादीसारखं उचललं आणि उभं केलं. घाईत त्यांनी त्याचं तोंड भिंतीकडे केलं. सेनापतीने भिंतीलाच मुजरा घालायला घेतला.

मास्तरांचे आधी खांदे हलले. मग घशातून काहीतरी फुटलं, आणि ते इतके हसले की उशी उडून दुसरीकडे गेली. गाठ आली ती कधी नव्हे एवढी मोठी.

त्यांना रंगमंचावर राजाच्या पलंगावर निजवलं. मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"गुडघे दुमडून ठेवा, गाठ दाबू नका. दुखतंय? उलटी होतेय?"

"नाही. हसतायत."

"ते आधी थांबवा."

सेनापती पलंगाशी ताठ उभा होता. "मास्तर, पाय चेपले असते हो, पण मला वाकता येत नाही."

मास्तर पुन्हा सुरू झाले.

गाठ आत जायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं आणि खुर्ची पुढे ओढली. "काल आत गेली. एखाद्या दिवशी अडकली तर घाईनं कापावं लागेल. तुम्ही सगळी पथ्यं पाळलीत. आता असंच राहायचं तर एकच पथ्य उरलं. जन्मभर हसायचं नाही. जमेल?"

मास्तर आपल्या बोटांकडे बघत बसले. "वर्षभर जमलं होतं," ते म्हणाले. "काल मोडलं."

"मग?"

"तारीख द्या. टाके मात्र जवळजवळ घाला."

"मी तुम्हाला विजार शिवायला शिकवते का?"

मुलीने खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

संध्याकाळी दिग्दर्शक दुकानात आला. सेनापतीचं पडणं त्याला नाटकात कायमचं ठेवायचं होतं, म्हणून पट्टा हवा होता.

"हा मिळणार नाही," मास्तर म्हणाले. "माप सांगा, दुसरा शिवतो."

मग त्यांनी जुन्या पट्ट्याच्या चांदण्या एकेक करून उसवल्या, झालर काढली आणि तो स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगला. मुलीने खुंटीकडे पाहिलं.

"बांधून द्यायचा नाही ना?"

"नाही. एवढा एक राहू दे."

ऑपरेशन गुरुवारी आहे. सेनापतीचा नवा पट्टा टेबलावर आहे. कापड बेतून झालंय, हूक लावायचे बाकी आहेत.